म्युनिख जर्मन होता, हा त्याचा गुन्हा नव्हे

अठराव्या शतकातल्या रशियाविषयी वाचताना फील्डमार्शल बर्खार्ड क्रिस्टोफ फॉन म्युनिख याचे नाव आले, की ‘जर्मन’ हा शब्द पुष्कळदा आरोपासारखा वापरलेला दिसतो. सम्राज्ञी आन्नाच्या कारकिर्दीत, म्हणजे १७३० ते १७४० या काळात, तिचा मर्जीतला बिरॉन, परराष्ट्र कारभार पाहणारा ओस्टरमान आणि सेनापती म्युनिख या परक्यांनी देश वेठीस धरला, असे एक सरसकट विधान केले जाते. मला ते मान्य नाही. म्युनिखवर गंभीर आरोप करता येतो, पण तो जन्मभूमीवरून करायचा नाही.

या घराण्याचा म्युनिख शहराशी संबंध नव्हता. १६८३ मध्ये तो उत्तर जर्मनीतल्या ओल्डेनबुर्ग परगण्यात जन्मला; तिथल्या सखल जमिनीचे पाण्यापासून रक्षण करणारे बांध सांभाळणे हे त्याच्या वडिलांचे काम होते. तो स्वतः मुळात अभियंताच होता आणि १७२१ मध्ये पीटर द ग्रेटच्या चाकरीत शिरला तोही त्याच बळावर. लाडोगा सरोवरातल्या वादळांत पीटर्सबर्गकडे धान्य नेणारी गलबते बुडत, म्हणून काठाकाठाने कालवा खणण्याचे काम आधीच सुरू झाले होते, पण ते रखडले होते. पीटरने ते म्युनिखकडे सोपवले आणि पीटरच्या मृत्यूनंतर काही वर्षांनी शंभर किलोमीटरहून लांब असा तो कालवा वाहता झाला. चाकरीसाठी देश बदलणे त्या काळात कमीपणाचे नव्हते. महादजी शिंद्यांचे कवायती कंपू उभे करणारा डी बॉइनदेखील त्याआधी काही काळ रशियाच्या सैन्यात होता.

‘परका’ म्हणून म्युनिखला हिणवणाऱ्यांनी एक गोष्ट अवश्य लक्षात घ्यावी. पीटरच्या काळापासून रशियन सैन्यात परदेशी अधिकाऱ्याला त्याच हुद्द्याच्या रशियन अधिकाऱ्यापेक्षा जास्त पगार मिळत असे. हा भेद १७३०च्या दशकाच्या आरंभी दूर झाला, तो याच जर्मन माणसाच्या पुढाकाराने. त्याच्याच योजनेतून पीटर्सबर्गला कॅडेट कोअर ही सैनिकी शाळा निघाली. तिथे कवायतीबरोबर भाषा आणि इतिहासही शिकवत, आणि नाटककार सुमारोकोव्ह तिथूनच शिकून बाहेर पडला.

आता खऱ्या आरोपाकडे वळतो. १७३४ मध्ये डान्झिगच्या (आजच्या पोलंडमधल्या ग्दान्स्कच्या) वेढ्यात हागेल्सबेर्ग टेकडीवर त्याने रात्री हल्ला चढवला आणि त्यात दोन हजारांवर माणसे गमावली. पुढे तुर्कांशी युद्ध पेटले, तेव्हा १७३६ मध्ये पेरेकोपची तटबंदी फोडून तो क्रिमियात घुसला, तिथल्या तुर्कांच्या मांडलिक खानाची राजधानी बख्चिसराय जाळली आणि मग तहान, उन्हाळा, हगवण आणि ताप यांनी पोखरलेले सैन्य घेऊन परत फिरला. त्या एका मोहिमेत सुमारे ३० हजार माणसे गेली आणि त्यांतली बहुतेक रोगराईने गेली. ज्या माणसाला कालव्याच्या पाण्याचा हिशेब अचूक मांडता येत होता, त्याने गवताळ माळरानावर आपल्या शिपायांच्या पिण्याच्या पाण्याचा हिशेब मांडू नये, हे मला अक्षम्य वाटते. १७३९ मध्ये स्तावुचानीची लढाई आणि खोतिनचा किल्ला त्याने जिंकला खरा, पण रशियाचा मित्र असलेल्या ऑस्ट्रियाने तुर्कांशी वेगळा तह केला आणि अखेरीस रशियाच्या पदरात अझोवसारखे थोडेच पडले, तेही तटबंदी पाडण्याच्या अटीवर.

आन्नाच्या मृत्यूनंतर १७४०च्या नोव्हेंबरात त्याने एका रात्रीत राजप्रतिनिधी बिरॉनला पकडवले आणि बिरॉनची रवानगी सायबेरियातल्या पेलिम गावी झाली. वर्षभरात पीटर द ग्रेटची मुलगी एलिझाबेथ सत्तेवर आली. म्युनिखला देहदंडाची शिक्षा झाली, वधस्तंभापाशी ती रद्द झाली आणि त्यालाही त्याच पेलिमला पाठवण्यात आले. तिथे त्याने २० वर्षे काढली, मुलांना शिकवले, भाजीपाला पिकवला. १७६२ मध्ये नवा सम्राट तिसरा पीटर याने त्याला परत आणले, तेव्हा तो ७८ वर्षांचा होता. काही महिन्यांतच पीटरची बायको कॅथरीन हिने बंड केले आणि घाबरलेल्या पीटरला क्रोनश्टाटचा आरमारी किल्ला गाठण्याचा सल्ला देत तो शेवटपर्यंत त्याच्या बाजूने राहिला. कॅथरीनने त्याबद्दल त्याला शिक्षा केली नाही. तिने त्याच्याकडे बाल्टिकच्या बंदरांची आणि लाडोगा कालव्याची व्यवस्था दिली, आणि १७६७ मध्ये मृत्यू येईपर्यंत तो त्याच कामात होता.