गुळानेही दात किडतात

गणपती जवळ आले की हा संदेश गावोगावच्या ग्रुपवर फिरू लागतो: ‘दात किडतात ते कारखान्याच्या पांढऱ्या साखरेने. गूळ नैसर्गिक, त्याने दात किडत नाहीत. आपल्या आज्या गूळच खायच्या, त्यांचे दात शेवटपर्यंत शाबूत. पोरांना गूळ-खोबरं मनसोक्त द्या. आणि दुधाचे दात किडले तरी घाबरू नका, ते पडणारच.’ यातलं एकही वाक्य पोरांच्या दातांच्या भल्याचं नाही.

गूळ आणि साखर दोन्ही उसाच्या रसाचेच. गुळातही मोठा वाटा सुक्रोजचा, म्हणजे साखरेचाच. दातांवर बसलेल्या चिकट थरातले जंतू ती खाऊन आम्ल तयार करतात. तिथला सामू, म्हणजे पीएच (आकडा जितका कमी तितकं आम्ल जास्त), साधारण ५.५ च्या खाली उतरला की दाताचं कवच विरघळू लागतं. गुळात थोडं लोह असतं, खरं आहे. पण त्याने हे आम्ल थांबत नाही.

सगळ्यात घातक शब्द आहे ‘मनसोक्त’. आम्ल निवळायला लाळेला अर्धा-पाऊण तास तरी लागतो. तेवढ्यात पोराने पुन्हा काही गोड तोंडात टाकलं की सगळं पहिल्यापासून सुरू. स्वीडनमध्ये व्हिपेहोम नावाच्या संस्थेत १९४५ नंतर काही वर्षं यावर प्रयोग झाला. तो बौद्धिक अक्षमता असलेल्या माणसांवर, त्यांच्या संमतीशिवाय केला, हे संतापजनकच आहे. त्यातून दिसलं ते असं: जेवणाबरोबर खाल्लेल्या साखरेने किडण्याचं प्रमाण फारसं वाढलं नाही, पण दोन जेवणांच्या मध्ये चिकट टॉफी खाणाऱ्यांचे दात झपाट्याने किडले.

आता आपल्या जत्रेतला खाजा बघा. बेसनाची कांडी, वर आलं घातलेल्या गुळाचा जाड थर. चावला की त्याचा लगदा दाढेच्या खाचांत असा बसतो की जिभेने निघत नाही, पोरं नख घालून कोरतात. पुडी हातात असते आणि रात्री दशावतार संपेपर्यंत एकेक कांडी तोंडात जात राहते. आंबापोळी, फणसपोळीचंही तेच. त्यापेक्षा दुपारच्या पानावर दोन मोदक खाऊन चूळ भरलेली शतपटीने बरी. गोड कोकम सरबत तर मुळातच आंबट, त्यात साखर. ते घोट घोट करत तासभर पिऊ नये.

आज्यांचं म्हणाल, तर कितीतरी घरांत आजी खलबत्त्यात पान कुटून खायची. चावायला दात असते तर कुटलं असतं का? आणि तेव्हा गुळाचा खडा पाण्याबरोबर मिळायचा, दिवसभर पुडी नव्हे.

दुधाच्या दाढा दहा-बारा वर्षांपर्यंत तोंडात असतात. त्या किडल्या की पोराला ठणका लागतो, पू झाला तर खालच्या पक्क्या दातालाही धक्का पोचू शकतो. वेळेआधी काढाव्या लागल्या तर शेजारचे दात सरकून जागा अडवतात. शिवाय सहाव्या वर्षाच्या सुमारास वर-खाली, दोन्ही बाजूंना सगळ्यात मागे एकेक दाढ येते. ती कुठलाही दात न पडता येते, म्हणून घरचे तिला दुधाचीच समजतात. ती पक्की असते, किडून गेली तर पुन्हा येत नाही. रात्री फ्लोराइडच्या पेस्टने दात घासून देताना बॅटरीच्या उजेडात ती दाढ बघा. खाचेत काळा किंवा खडूसारखा पांढरा डाग दिसला, तर दुखायची वाट न बघता दाताच्या डॉक्टरांकडे न्या.