हात वर केले म्हणून हसणाऱ्यांनो

सकाळपासून डोकं फिरलंय. गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एका पोट्टीच्या मेलचा स्क्रीनशॉट फिरतोय. बापाचं सोयाबीन पाण्यात गेलं, ७२ तासांच्या आत कळवलं, तरी पाहणीला कोणी फिरकलं नाही. म्हणून तिने विमा कंपनीला इंग्रजीत तक्रार केली. त्यात एक वाक्य : ‘यू हॅव रेज्ड युवर हँड्स.’ झालं! खाली हसणाऱ्या तोंडांची रांग. ‘कंपनी हजेरी देत होती काय?’ म्हणे.

हसा लेकहो. माझ्यावरही हसले होते. १९९७ साली ऑफिसात दोघं जण माझे पाय ओढत होते, म्हणून बदलीच्या अर्जात लिहिलं, ‘माय कलीग्ज आर पुलिंग माय लेग.’ साहेबांनी ते सगळ्यांसमोर मोठ्याने वाचलं. ‘मग मजेत आहात की! बदली कायले पाहिजे?’ इंग्रजीत लेग पुल करणं म्हणजे थट्टा करणं, हे मला तिथं उभ्या उभ्या कळलं. चपराशीसुद्धा हसला. बदली झाली नाहीच.

मान्य, चूक ती चूक. ‘रेज्ड हँड्स’ वाचून मेल उघडणाऱ्याला काही बोध होणार नाही. तिकडे जबाबदारी टाळणारे हात वर करत नाहीत, धुतात : ‘वॉश युवर हँड्स ऑफ इट’. त्यातला ‘ऑफ इट’ विसरलात तर नुसते हात धुतले, बसा जेवायला.

पण हे तिला सांगितलं कोणी? शाळेत वाक्प्रचार म्हणजे घोकायची यादी. अवयव तेच, कामं वेगळी, हे कोणी बोलत नाही. आपलं तोंडपाठ, त्यांचं ‘बाय हार्ट’. (आणि आपण ‘बायहार्टेड’ लिहून मोकळे. मी वीस वर्षं लिहिलं.) आपण हातपाय गाळतो, त्यांचे पाय ऐनवेळी गार पडतात (‘कोल्ड फीट’). आपल्या कानाडोळ्यात कानही लागतो, त्यांचं एका आंधळ्या डोळ्यावर भागतं. १८०१ साली कोपनहेगनच्या लढाईत माघारीचा इशारा दिसू नये म्हणून इंग्रज आरमाराच्या नेल्सनने आंधळ्या डोळ्याला दुर्बीण लावली, अशी गोष्ट सांगतात. त्यावरूनच ‘टर्न अ ब्लाइंड आय’ आलं म्हणतात, डोळा एकच. ‘कीप ॲन आय ऑन’ मध्येही एकच. ‘ऑल इअर्स’ (कान देऊन ऐकणं) म्हटलं की मात्र कान अनेकवचनी. आता हे पोरांनी स्वप्नात पाहायचं काय?

साहेबांनी त्या दिवशी हसून झाल्यावर एवढं एक वाक्य समजावलं असतं, तर काय बिघडलं असतं? त्यांच्यामुळेच मी डिक्शनरी घेतली, हे खरं. तरी उपकार मानणार नाही.

दुपारी पोट्टीला फोन केला. रडून झालं होतं. म्हटलं, गट नंबर लिही, कळवल्याची तारीख लिही, आणि ते वाक्य काढून सरळ लिही की तुम्ही जबाबदारी घेत नाही आहात. वाक्प्रचाराची हौस नंतर.

थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, ‘पण काका, त्यायनं हात त वरच केले ना?’

केलेच बाई.