आधी डोकं, मग इंजिन : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. बाकीच्यांना संदर्भ लागावा म्हणून तुमचा आक्षेप आधी थोडक्यात मांडतो. बुद्धिबळात हरलेला डाव इंजिन (चाली तपासणारा संगणक प्रोग्राम) बंद ठेवून स्वतः तपासावा, असं मी लिहिलं होतं. तुमच्या मते हा जुन्या सोव्हिएत जगज्जेत्या बॉटविनिकच्या जमान्यातला सल्ला आहे. स्टॉकफिशसारखं इंजिन फुकट मिळत असताना १४०० रेटिंगच्या हौशी माणसाने चुकीचं विश्लेषण करण्यात संध्याकाळ का घालवावी? तुमच्याच डावात १४व्या चालीला उंटाने एच-७चं (एच स्तंभ, सातवी ओळ) प्यादं मारलं असतं तर पांढरा जिंकत होता, हे इंजिनने दहा सेकंदांत सांगितलं.

सांगितलं, बरोबर. पण का जिंकत होता, ते तुम्ही पाहिलंत का?

राजा उंट मारतो, घोडा जी-५वर येऊन शह देतो. राजा जी-८ला परतला की वजीर एच-५वर, आणि एच-७वर मात देण्याची धमकी. इथपर्यंत सगळ्यांना पाठ असतं. गोची होते राजा जी-६ला बाहेर येतो तेव्हा. तिथे शहामागून शह देत सुटलात तर राजा निसटतो आणि तुमचा उंट फुकट गेलेला असतो. बहुतेक वेळा वजीर जी-४ किंवा एच-प्यादं पुढे, अशी शांत चाल शोधावी लागते. राजा एच-६ला गेला तर तुमचा काळ्या घरांचा उंट सी-१वरून घोड्यामागे रोखलेला आहे का, हे बघायचं. शिवाय काळ्याचा ई-७चा उंट तो घोडाच मारतो का? त्याचा घोडा एफ-६ किंवा एफ-८ला येऊन एच-७ राखतो का? यातलं एक उत्तर बदललं की तोच बळी मूर्खपणा ठरतो. पुढच्या डावात हत्ती एका घराने इकडेतिकडे असेल, आणि कोण किती वरचढ हा आकडा दाखवायला इंजिन शेजारी नसेल.

दुसरं म्हणजे, ती चाल तुम्हाला सुचलीच नव्हती, की सुचली होती आणि राजा जी-६ला येईल म्हणून सोडलीत? सुचलीच नसेल तर या बळीचे जुने डाव बघा. सोडली असेल तर चाली मोजण्याचा सराव हवा. दोन्हींवरचे उपाय वेगळे, आणि नेमकं काय झालं होतं हे इंजिनला कळणं शक्य नाही. आकडा एकदा दिसला की तुम्हालाही खात्रीने सांगता येत नाही. मग प्रत्येकाला 'मला दिसलंच होतं' असंच आठवतं. (मलाही.)

बॉटविनिकबद्दल. संगणक नव्हता म्हणून तो असं सांगायचा, हे मला पटत नाही. तो पेशाने विद्युत अभियंता होता आणि बुद्धिबळ खेळणाऱ्या 'पायोनियर' नावाच्या प्रोग्रामवर त्याने स्वतः बरीच वर्षं काम केलं. त्याचा आग्रह होता की आपलं विश्लेषण छापून लोकांसमोर ठेवा, म्हणजे त्यातल्या चुका कोणीतरी दाखवेल. ते दाखवणारं आज स्टॉकफिश आहे, आणि मासिकाची वाट बघावी लागत नाही. पण त्याला खोडायला आधी तुमचं काहीतरी लिहिलेलं हवं ना!

तुम्ही इंजिनच्या बाजूने ग्रँडमास्टर गुकेशचं उदाहरण दिलंत, ते उलट जातं. प्रशिक्षक विष्णू प्रसन्ना यांनी त्याला २५०० रेटिंगपर्यंत, म्हणजे ग्रँडमास्टरच्या पातळीपर्यंत, इंजिनपासून लांबच ठेवलं होतं. अर्थात एका गुकेशवरून सगळ्यांसाठी नियम काढू नये, तो माझ्या बाजूने असला तरी.

ब्लिट्झच्या डावांबद्दल तुमचं बरोबर आहे. तीन मिनिटांचा डाव तासभर उकरण्यात अर्थ नाही; इंजिन लावा, घोडचूक बघा, पुढे चला. ओपनिंगच्या पहिल्या आठ-दहा चालीही थेट जुन्या डावांच्या डेटाबेसमध्ये बघाव्यात.

नोकरी सांभाळून वेळ कुठून आणायचा, हा प्रश्न खरा आहे. म्हणून स्पर्धेतला एकच डाव घ्या, सगळ्यात जास्त सललेला. स्कोअरशीटवर जिथे घड्याळातला वेळ जास्त गेला त्या दोन-तीन चालींवर खूण करा आणि तेव्हा काय बघत होतात ते लिहून काढा. तुमचा तो १४व्या चालीचा डाव असाच लिहून इथे टाका. जी-६चं काय केलं असतंत, तेही लिहा; इंजिनचा आकडा मात्र नको.