मावशी, मासा मीठ नसतो!

बँकॉकच्या गाडीवरच्या मावशींना ‘नो मीट’ सांगितलं की त्या गोड हसतात आणि खरोखरच मटण-चिकन घालत नाहीत. नामप्ला मात्र घालतात. मासे मिठात महिनोन्‌महिने मुरवून गाळलेलं पाणी म्हणजे नामप्ला. त्यांच्या लेखी ते मीठच. आमटीत मीठ घालू का, असं आपण तरी पाहुण्याला कुठे विचारतो?

म्हणून आम्हा शाकाहाऱ्यांनी एकच शब्द घोकावा: ‘चे’, म्हणजे कडक शाकाहारी. षष्ठीचा प्रत्यय समजा, म्हणजे विसरणार नाही. पिवळ्या पताकेवर लाल अक्षरांत लिहिलेला हा शब्द आपल्याला इंग्रजी आकड्यांतल्या सतरासारखा दिसतो. ही पताका असेल तिथे मांस, मासे, अंडं, दूध तर नाहीच, वर कांदा-लसूणही नाही. थेट चातुर्मासच! चिनी नवव्या महिन्याचे पहिले नऊ दिवस याचा उत्सव असतो. बहुतेक वर्षी तो आपल्या नवरात्रातच पडतो. २०२४ मध्ये तर आपले घट आणि त्यांचा उत्सव दोन्ही ३ ऑक्टोबरला बसले.

एरवी खरी परीक्षा सोमतामची, म्हणजे कच्च्या पपईच्या कोशिंबिरीची. उंच मातीच्या खलात आधी लसूण-मिरची, मग ताडगूळ, चवळीच्या शेंगा, टोमॅटो, लिंबू, दाणे, शेवटी पपईचा कीस. एका हातात लाकडी बत्ता, दुसऱ्यात चमचा; ठोका हलका, नाहीतर पपईला पाणी सुटतं. या गडबडीत सुकी कोळंबी कधी आत शिरते ते कळत नाही. तेव्हा बत्ता उचलण्याआधीच ‘माय साय कुंगहॅंग, माय साय नामप्ला’ म्हणायचं. (‘माय साय’ म्हणजे घालू नका, आईचा संबंध नाही.) नंतर बोलणं म्हणजे अक्षता पडल्यावर पत्रिका जुळवणं. मावशी ऐकतात, पण खलाला मागच्या गिऱ्हाइकाचा खेकडा चिकटलेला असतो. तो धुवायला सांगण्यासाठी बादलीकडे बोट दाखवावं.

हिरव्या करीच्या नादी लागू नये. तिच्या वाटणातच ‘कापी’ म्हणजे कोळंबीचा आंबवलेला लगदा असतो, तो वेचून काढता येत नाही. ‘फेट नितनोय’ म्हणजे थोडं तिखट, पण माप मावशींचं. कोल्हापूरकरांनी इथे इज्जत पणाला लावू नये.

शेवटी आंबा आणि चिकट भात मागवावा. वाफवलेला भात गरम असतानाच गोड-खारट नारळाच्या दुधात मुरवतात. एप्रिल-मेमध्ये आंबाही उत्तम असतो. फक्त पहिल्याच घासाला ‘आमचा हापूस...’ सुरू करू नका. भाषा कळत नसली तरी मावशींना सूर कळतो.