तुलना थांबत नाही, तिची जागा बदलता येते

'दुसऱ्याशी तुलना करू नका' हा सल्ला मला बिनकामाचा वाटतो. मानसशास्त्रज्ञ लिऑन फेस्टिंगर यांनी १९५४ मध्येच मांडलं होतं की हाताशी ठोस माप नसलं की माणूस आपली कुवत इतरांकडे, त्यातही आपल्याच तोडीच्या लोकांकडे बघून ठरवतो. ही खोड मोडत नाही. ध्येय कशावर टांगायचं, हे मात्र आपल्या हातात असतं.

एलियट, मुरायामा आणि पेक्रुन या मानसशास्त्रज्ञांनी २०११ मध्ये ध्येयाची तीन मापं सांगितली: काम, स्वतः आणि इतर. समजा, ५ किलोमीटर धावायचं आहे. '३० मिनिटांत पूर्ण करीन' हे कामाचं माप. 'मागच्या महिन्यापेक्षा एक मिनिट कमी' हे स्वतःचं. 'ग्रुपमधल्या निम्म्यांच्या पुढे' हे इतरांचं. घोळ होतो तो या तिसऱ्यात. तुम्ही ३४ वरून ३२ मिनिटांवर आलात आणि त्याच महिन्यात चार तयारीचे गडी ग्रुपात आले, तर वेळ सुधारूनही क्रमांक घसरतो. चांगले धावणारे गळाले तर काही न करता वर चढता. मग तो क्रमांक तुमच्या पायांबद्दल सांगतो तरी काय?

त्याहून वाईट म्हणजे 'शेवटचा येऊ नये' हे ध्येय. ते धरलेला माणूस सोपं तेवढंच निवडतो, अडलं तरी विचारत नाही, आणि धास्ती वाढते ती वेगळीच.

स्वतःशी तुलनाही वाटते तितकी सरळ नाही. आजची धाव कालच्या धावेशी ताडून बघू नका. झोप, ऊन, चढ, कशानेही मिनिटभर इकडेतिकडे होतं. त्याच रस्त्यावरच्या शेवटच्या चार धावांची सरासरी आधीच्या चारांशी ताडा. शिवाय ४० वरून ३५ मिनिटांवर येणं त्या मानाने लवकर जमतं, २५ वरून २४ वर यायला महिने जातात. तिथे 'दर महिन्याला एक मिनिट' धरून बसलात तर हिरमोड ठरलेला. अशा वेळी कामाचं माप घ्यावं: आठवड्यात तीन धावा, त्यातली एक वेगाची.

दुसऱ्याकडे बघायचंच तर जरा पुढे असलेल्याकडे बघा, आणि त्याची वेळ सोडून रीत बघा: आठवड्याला किती किलोमीटर, विश्रांतीचे दिवस किती, वेग कुठे वाढवतो. हे वहीत उतरवता येतं आणि करूनही बघता येतं. क्रमांकाचा रकाना ठेवायचाच असेल तर महिन्यातून एकदाच भरा.