साडेकिती वाजले?

मी हात वर केला होता तो पंख्यासाठी. ऑक्टोबरातलं जळगाव, डी.एल.एड.च्या (शिक्षक व्हायच्या डिप्लोमाच्या) दुसऱ्या वर्षाचा वर्ग आणि पंखा दोनवर. तो पाचवर करू का, एवढंच मला विचारायचं होतं. नेमकं त्याच वेळी प्राचार्यांनी विचारलं, "अमळनेरकडच्या एका शाळेत शिक्षक कमी पडताहेत. महिनाभर स्वखुशीने कोण जाईल?" टाळ्या झाल्या. एकदा टाळ्या झाल्या की स्वखुशी मागे घेता येत नाही. पंखा दोनवरच राहिला.

घरी कौतुकाला ऊत आला. बाबा म्हणाले, "अमळनेर म्हणजे साने गुरुजींची कर्मभूमी! १९२४ ते १९३० प्रताप हायस्कूलमध्ये शिकवत होते ते." आईने बिबड्यांचा डबा भरला. साने गुरुजींचे डोळे मुलांच्या मायेने भरून यायचे असं लहानपणापासून ऐकत आले होते. माझे पहिल्याच दिवशी भरून आले, पण खिचडीच्या चुलीचा धूर वर्गात येत होता म्हणून.

शाळा दोन खोल्यांची. एका खोलीत तांदळाची पोती, तराजू, मोडके बाक आणि पोत्यांआड सुखाने निजलेला एक संगणक. दुसऱ्या खोलीत पहिली ते चौथी, सतरंजीवर चार रांगा, एक रांग म्हणजे एक इयत्ता. साठपर्यंत पट असला की दोन शिक्षक, असं २००९चा शिक्षण हक्क कायदा सांगतो. पट ४१. दोन शिक्षक होतेही. त्यातल्या मॅडम मतदार यादीच्या कामावर आणि मुख्याध्यापक गुरुजी निंबाच्या पारावर. पारावर अशासाठी की गावात रेंज तेवढ्याच ठिकाणी, आणि रोज कुठली ना कुठली माहिती "आजच, दुपारी बारापर्यंत" वर पाठवायची असे. मुलांची माहिती, संडासाची माहिती, आधी पाठवलेल्या माहितीची माहिती. गुरुजी माणूस देवासारखा. "ताई, आता वर्ग तुमचा," असं म्हणून ते तांदूळ मोजायला गेले. माणशी शंभर ग्रॅम. तेवढ्यात फोन वाजला, तसे तराजू सोडून पाराकडे पळाले.

कॉलेजात आम्ही सूक्ष्म अध्यापन केलं होतं. सहा मिनिटं शिकवायचं, सहा मिनिटं अभिप्राय, बारा मिनिटं फेरनियोजन, पुन्हा सहा, पुन्हा सहा. छत्तीस मिनिटांत चक्र पूर्ण. समोर आपल्याच मैत्रिणी विद्यार्थी होऊन बसतात आणि प्रश्न संपायच्या आत शहाण्यासारखा हात वर करतात. इथे पहिल्या सहा मिनिटांत चार जण "बाहेर जाऊ?" करून बाहेर गेले, त्यातले तीन परत आले, आणि दुसरीतल्या एकाचा दात पडला. तो रांगेरांगेने दात दाखवत फिरला. तिसरीला विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर पहिलीतली पोरगी द्यायची, आणि मग आपला अपमान झाला म्हणून चौथी तिच्या पेन्सिली लपवायची. या सगळ्यावर अभिप्राय द्यायला कोणी नव्हतं. एक शेळी दारातून बघून गेली.

शिवाय भाषा. मी जळगाव शहरातली, त्यामुळे अहिराणी मला समजते सगळी, बोलताना मात्र पाहुण्यांसारखी अडखळते. मी म्हणायचे, "बाळांनो, उर्वरित विद्यार्थी अनुपस्थित का आहेत?" वर्ग गप्प. मग दोन वेण्यांवाली एक चौथीतली मुलगी वळून सगळ्यांना माझं भाषांतर करून सांगायची आणि त्यांचं उत्तर मला सांगायची: "कपाशी येचाले गयात." (आमच्याकडच्या विद्यापीठाला २०१८ साली बहिणाबाईंचं नाव दिलं. त्या स्वतः शाळेची पायरी चढल्या नव्हत्या. अशा मुलखात डिप्लोमा घेऊन शिकवायला उभं राहायचं म्हणजे आधीच जरा संकोच.)

तिसऱ्या आठवड्यात निरोप आला की आमचे प्राध्यापक पाठाचं निरीक्षण करायला येणार. मी घड्याळाचा पाठ घेतला. टाचण असं लिहिलं की बघत राहावं: हेतुकथन, फलकलेखन, मूल्यमापन, सगळं लाल शाईने अधोरेखित. 'पूर्वज्ञान'पुढे लिहिलं, 'विद्यार्थ्यांना घड्याळाची ओळख आहे.' शैक्षणिक साहित्य म्हणून बुटाच्या खोक्याच्या पुठ्ठ्याचं घड्याळ केलं. लाल काटे आणि मधोमध टिचबटण. रात्रभर खोलीत त्याच्यावर बारा वाजवून पाहिले, एक वाजवून पाहिला. सकाळी यष्टीत कोणाच्या तरी मेथीच्या गोणीखाली ते आलं आणि टिचबटण गेलं. उतरल्यावर मी तिथे एक टाचणी टोचली आणि देवाचं नाव घेतलं.

प्राध्यापक मागच्या भिंतीला टेकून खुर्चीवर बसले. गुरुजींनी त्यांना चहा दिला आणि ते पारावर गेले. मी पाठ सुरू केला.

"मुलांनो, शाळा किती वाजता भरते?"

"यष्टी उनी का भरस!"

"बरं. रात्र कधी होते?"

"सुरतनी गाडी गयी का."

"विहिरीवरच्या मोटारीची लाईट कधी येते?"

यावर तर वर्गभर वाद पेटला. कोणाच्या डीपीवर (विजेच्या ट्रान्सफॉर्मरवर) या आठवड्यात मोटारीची थ्री फेज वीज दिवसा आणि कोणाच्या रात्री, हे पहिलीच्या पोरांनाही तोंडपाठ. "मना बाप रातले वावरमा जास," असं एकाने अभिमानाने सांगितलं. पूर्वज्ञान एवढं निघालं की माझं वहीतलं एक वाक्य त्यापुढे लाजलं.

मग मी घड्याळ काढलं. तीन वाजवले, मोठा काटा सोडला आणि तो सुळकन घसरून सहावर लोंबला. पुन्हा वर नेला, पुन्हा लोंबला. टाचणीचं भोक मोठं झालं होतं. काहीही वाजवा, साडेच वाजत होते. "मॅडम, याना काटा झोपी गया," पहिलीतून आवाज आला. प्राध्यापकांनी वहीत काहीतरी लिहिलं. मी घाम पुसला आणि आपला हेतूच तो होता अशा थाटात म्हणाले, "तर आज आपण साडे शिकणार आहोत!"

तीनवर साडेतीन, चारवर साडेचार, अगदी झकास. मग लहान काटा एकच्या पुढे आला.

"साडेएक!" अख्खा वर्ग ओरडला.

"साडेएक नाही, दीड म्हणायचं. आणि पुढे साडेदोन नाही, अडीच."

दोन वेण्यांवाली उभी राहिली. "मॅडम, साडेएक काबरं नही?"

मला माहीत नव्हतं. आजही नाही. गंमत म्हणजे कपाशीचं वजन सांगताना हीच पोरं दीड किलो, अडीच किलो बिनचूक सांगायची, कारण तिथे चुकलं तर पैसे कमी मिळतात. मी प्राध्यापकांकडे पाहिलं. त्यांनी घाईने चहाचा कप तोंडाला लावला. कप मघाशीच रिकामा झाला होता.

त्या शांततेत दात पडलेला पोरगा न विचारताच बाहेर पळाला. मला वाटलं, हाही चौथ्यासारखा परत येत नाही. पण तो आला. एका हातात कुंपणाच्या बाभळीचा पांढरा, बोटाएवढा काटा, दुसऱ्या हातात जुन्या स्लीपरचा तुकडा. चपलेच्या चाकांच्या गाड्या गावभर पुरवणारा कारागीर तो. माझ्या हातातून घड्याळ घेतलं, टाचणी उपटून शर्टाला लावली (तिथे बटण नव्हतंच), काटा दोन्ही लाल काट्यांतून आरपार घातला आणि मागून स्लीपरचा तुकडा दाबून बसवला. मोठा काटा बारावर नेऊन सोडला. तो राहिला तिथेच. काट्याने काटा काढतात हे ऐकलं होतं, काट्याने काटा बसवताना पहिल्यांदाच पाहिलं.

पाठ संपल्यावर प्राध्यापकांनी घड्याळ उलटसुलट करून पाहिलं, स्लीपर दाबून पाहिली. शेऱ्यात लिहिलं: 'स्थानिक साधनांचा कल्पक वापर. नियोजन उत्तम.' मग मला विचारलं, "हे तुम्हाला सुचलं कसं?"

"पूर्वज्ञानातून, सर," मी म्हणाले. मागे कारागीर दुसऱ्या सैल दाताशी खेळत होता.

ते घड्याळ आता वर्गातच असतं. भिंतीवरचं खरं घड्याळ सेल संपून कधीचं बंद, त्याच्याच खिळ्याला हे टांगलंय. काटे फिरवायचा मान अर्थातच त्याचा. खिचडी शिजल्याचा वास आला की तो साडेबारा वाजवतो आणि ताटल्या वाजू लागतात. परवा चूल लवकर पेटली, तर पावणेअकरालाच साडेबारा वाजले. गुरुजींचा फोन शेजारच्या घरी चार्जिंगला होता. ते दारातून डोकावले, घड्याळ पाहिलं, "अरे देवा, बारापर्यंतची माहिती राहिली!" म्हणाले आणि चपला न घालताच पाराकडे पळत सुटले.