कॉन्सर्टिना, पेटी आणि ‘चाखत हिंडणं’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

तुमची प्रतिक्रिया परखड आहे आणि मनापासून लिहिलेली आहे, म्हणून उत्तरही सविस्तर देतो. मागच्या लेखात मी आयर्लंडच्या क्लेअर परगण्यातल्या कॉन्सर्टिनापासून ब्युनोस आयर्सच्या, टँगो नाचाबरोबर वाजणाऱ्या बँडोनिऑनपर्यंत बरंच काही आवडीनं लिहिलं होतं. त्यावर तुमचं म्हणणं थोडक्यात असं : कॉन्सर्टिना ही हातात धरायची धाकटी पेटीच, तिच्यात मींड (एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं) नाही, त्यामुळे तिची झेप मुळातच आखूड. दोन आयरिश रील, म्हणजे नाचाच्या चाली, ऐकल्या की तिसरी वेगळी वाटत नाही. आणि इतक्या शैली ऐकणं म्हणजे रसिकता नव्हे, नुसतं चाखत हिंडणं. त्यापेक्षा माणसानं एका परंपरेत मुरावं. यातला शेवटचा मुद्दा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, पण तिथं पोचायची वाट पेटीवरूनच जाते.

पेटीशी नातं आहे, ते मी नाकारत नाही. दोन्हीकडे हवेच्या दाबानं धातूची पातळ पट्टी थरथरते आणि सूर निघतो. पण आपल्या पेटीत हातानं हलवायच्या भात्याच्या आत आणखी एक भाता असतो. तो स्प्रिंगच्या जोरावर हवा साठवून ठेवतो आणि एकसारखी सोडतो. गायकामागे अखंड, न डगमगता सूर धरायचा तर हेच हवं. कॉन्सर्टिनात असा साठा नाही. दोन हातांच्या मधोमध एकच भाता आणि मनगटातला प्रत्येक चढउतार थेट सुरात. तो सूर धरून ठेवण्यापेक्षा बोलण्याच्या जवळ जातो. अ‍ॅकॉर्डियनमध्ये बहुधा एकाच स्वराला किंचित कमीजास्त लावलेल्या दोन-तीन पट्ट्या मिळून तो लाटालाटांचा आवाज देतात. कॉन्सर्टिनात सहसा एका सुराला एकच पट्टी. त्यामुळे वाजवणाऱ्याला लपायला जागाच नाही.

मींड नाही, हे अगदी मान्य. पण ठरलेल्या स्वरांचा प्रश्न या वाद्याच्या बालपणीच उभा राहिला होता, आणि तुम्हाला श्रुतींची आस्था आहे म्हणून हे मुद्दाम सांगतो. इंग्लिश कॉन्सर्टिना चार्ल्स व्हीटस्टनची. भौतिकशास्त्रात ज्याचा ब्रिज आपण शिकलो, तोच हा व्हीटस्टन. त्याचं पेटंट १८४४ चं. सुरुवातीच्या वाद्यांत एका सप्तकाला बारा नव्हे, चौदा स्वर होते. पियानोवर जे एकच असतात त्या जी शार्प आणि ए फ्लॅट, तसेच डी शार्प आणि ई फ्लॅट यांना वेगवेगळी बटणं होती आणि ते स्वर खरोखर वेगळे लावलेले असत. फ्रेंच संगीतकार बर्लिओझनं वाद्यवृंदरचनेवरच्या आपल्या ग्रंथात याच गोष्टीवर टीका केली : हे ध्वनिशास्त्रज्ञांच्या सिद्धान्ताला धरून आहे, संगीतकारांच्या प्रत्यक्ष व्यवहाराला धरून नाही. आकाशवाणीनं १९४० मध्ये पेटीला दार बंद केलं आणि तीन दशकं ते उघडलं नाही. ठरलेल्या स्वरांच्या त्या वादात आपल्याकडे जे बोललं गेलं, त्याच जातीचा वाद युरोपात या चिमुकल्या षट्कोनी डब्यावरून आधीच झाला होता. ज्यूलिओ रेगोंदीसारख्या वादकानं हे वाद्य लंडनच्या मैफलींत नेलं, संगीतकार मोलिकनं १८५३ च्या सुमारास कॉन्सर्टिनासाठी कॉन्चेर्तो, म्हणजे वाद्यवृंदासोबत वाजवायची रचना, लिहिला. म्हणजे ‘झेप आखूड’ हा निकाल तेव्हाही सर्वमान्य नव्हता.

पण माझं खरं प्रेम आहे ते दुसऱ्या घराण्यावर. जर्मनीत केम्निट्झच्या कार्ल फ्रीडरिश उलिगनं १८३४ मध्ये जे वाद्य बनवलं, त्यात एकाच बटणावर भाता दाबताना एक सूर आणि ओढताना दुसरा सूर येतो. त्याचीच पुढची वंशज अँग्लो कॉन्सर्टिना. तिच्या बटणांच्या एका ओळीवर मधल्या सप्तकात भाता दाबला की सा, ग, प मिळतात, ओढला की रे, म, ध, नी. नुसता आरोह वाजवायचा तर दाब, ओढ, दाब, ओढ, दाब, मग ध-नी ओढीत, आणि वरच्या सा ला पुन्हा दाब. ही गैरसोय वाटते ना? या वाद्याची सगळी लय याच गैरसोयीतून जन्मते. प्रत्येक वळणावर सुरांत बारीकशी फट पडते, आणि ती फट कुठे पडू द्यायची, कुठे बुजवायची, यावर वादकाची ओळख ठरते.

आता तुमच्या ‘सगळ्या रील सारख्याच’कडे येतो. रील म्हणजे बहुतेक वेळा आठ-आठ बारचे दोन भाग, परत परत फिरणारे. चाल लक्षात राहिली की आपण थांबतो आणि म्हणतो, झालं ऐकून. पण चाल हा तिथं फक्त सांगाडा आहे. क्लेअरमधल्या किलरशच्या एलिझाबेथ क्रॉटी (१८८५–१९६०), ज्यांना सगळे मिसेस क्रॉटी म्हणतात, त्यांची १९५० च्या दशकातली आयरिश रेडिओसाठी झालेली ध्वनिमुद्रणं ऐका. त्या पब चालवत आणि नाचणाऱ्यांसाठी वाजवत. वादन साधं, अलंकार मोजके, पण पाय स्वस्थ बसत नाही. मग नोएल हिल ऐका. तोही क्लेअरचाच. तो एका ओळीत अडकत नाही. तोच सूर दुसऱ्या ओळीवर उलट दिशेच्या भात्यात मिळतो हे हेरून वळणं आपल्याला हवी तिथं नेतो, त्यामुळे वाक्यं लांब होतात आणि कणस्वर विजेसारखे चमकून जातात. परगणा एक, वाद्य एक, परंपराही एकच, आणि दोघांचा श्वास संपूर्ण निराळा.

हा श्वास मला क्लेअरच्या बाहेर गेल्यावर नीट ऐकू आला. तुमच्या शेवटच्या मुद्द्याला माझं उत्तर हेच आहे. ऑक्सफर्डजवळच्या हेडिंग्टन क्वारीचा विल्यम किंबर १८९९ च्या नाताळाच्या दुसऱ्या दिवशी मॉरिस या इंग्लिश लोकनाचासाठी अँग्लो वाजवत होता. संगीतज्ञ सेसिल शार्पनं ते ऐकलं आणि इंग्लंडमध्ये लोकसंगीत जमवण्याची मोठी चळवळ पुढे उभी राहिली, त्यात त्या सकाळचा वाटा फार मोठा. किंबरच्या उजव्या हातात चाल आणि डाव्या हातात तोडून दिलेले स्वरसमूह. भात्याची वळणं नाचणाऱ्याच्या उडीवर पडतात. तेच वाद्य क्लेअरमध्ये जवळजवळ एकेरी चालीनं चालतं आणि इथं ढोलकीवाल्यासारखं ठेका राखतं.

दक्षिण आफ्रिकेत तर एकाच वाद्यावर दोन समाजांनी आपापलं जग उभारलं. डच वंशाच्या गोऱ्या आफ्रिकानर शेतकऱ्यांच्या नाचगाण्यांत, म्हणजे बुरेम्युझिकमध्ये, कॉन्सर्टिना मुख्य आवाज. आणि खाणी-कारखान्यांसाठी शहरात आलेल्या झुलू कामगारांनी स्वस्तातली इटालियन कॉन्सर्टिना घेतली, तिला ‘स्क्वॉशबॉक्स’ म्हटलं, आतल्या पट्ट्यांची जागा नि लावणी बदलून ती आपल्या गाण्याला जुळवून घेतली. यंत्राला शरण न जाता यंत्रच आपल्या गळ्याप्रमाणं वळवलं. दक्षिण आफ्रिकेतला गायक जॉनी क्लेग यानं ते वादन रंगमंचावर आणलं, तिथूनही सुरुवात करता येईल.

बँडोनिऑन माझ्या लेखात का आला, असंही तुम्ही विचारलंत. तो उलिगच्याच वाद्याचा वंशज, क्रेफेल्डच्या हाइनरिश बँडच्या नावाचा. अर्जेंटिनात रुजलेल्या प्रकारात ७१ बटणं, दाब-ओढ मिळून १४२ सूर. टँगोचे अनेक वादक बराचसा भाग भाता उघडतानाच वाजवतात. झटक्यात हवा सोडून तो मिटवतात आणि पुन्हा उघडतात. दाब-ओढीची जी फट क्लेअरमध्ये नाचाला हलवते, ती इथं टाळली जाते, म्हणून टँगोचा बँडोनिऑनवादक त्रोइलो याचा एखादा लांब सूर छातीवर हात ठेवल्यासारखा येतो. ही निवड आहे हे मला अँग्लो ऐकली नसती तर कळलंच नसतं. एका परंपरेत मुरलेल्याला ती अपरिहार्य वाटते.

म्हणून ‘चाखत हिंडणं’ हा शब्द मला पटत नाही. एका रागासाठी आयुष्य देणाऱ्याबद्दल मला आदर आहे आणि क्लेअरमध्ये तसेच वादक आहेत. पण ऐकणारा म्हणून मला हे शोधायचं आहे की त्याच भात्याकडून माणसांनी कुठं कुठं काय काय मागितलं. ते एका गावात बसून कळत नाही.

तुम्हाला एकच ध्वनिमुद्रण सुचवायचं झालं तर आयर्लंडमधल्याच केरी परगण्यातल्या कॉर्मॅक बेग्लीचं. बेस कॉन्सर्टिनावरचं त्याचं एकल वादन, हेडफोन लावून ऐका. भात्याचा फुत्कार, बटणांची खटखट, सगळं त्यात ठेवलेलं आहे. आणि ज्या दोन रील ऐकून तुमचा विरस झाला त्या कोणाच्या होत्या तेही कळवा. वादक कळला तर पुढचं नेमकं बोलता येईल.